यंत्रांचं भविष्य सांगणाऱ्या वन्सं

आमच्या गल्लीत वन्संना सगळेच वन्सं म्हणतात. खरं तर त्या फक्त एकट्या वहिनींच्या वन्सं. माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर शिवणकामाचं दुकान आहे, ते वहिनींचं. आणि वन्सं म्हणजे त्यांच्या नवऱ्याची धाकटी बहीण. पण वहिनी दिवसभर मशीनवरून "अहो वन्सं, कात्री कुठे ठेवलीत?" अशा हाका मारणार, गिऱ्हाइकं त्या ऐकणार, आणि मग नाव चिकटणारच. नव्या माणसांना तर ते त्यांचं खरंखुरं नाव वाटतं. त्याच हिशेबाने वहिनी सगळ्यांच्या वहिनी झाल्या आणि वन्संचा दादा सगळ्यांचा दादा झाला. समोरासमोर दुकानं असल्यामुळे मीही त्या घरात कुणीतरी लागतो, असं मला अधूनमधून वाटतं.

वन्संची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. कुणाला परगावी बोलायचं असलं की आधी वन्संशी बोलावं लागायचं. चेहरे त्यांनी कुणाचेच पाहिले नव्हते, पण आवाजावरून अर्धं शहर त्यांच्या ओळखीचं होतं. एका वकिलाचा आवाज बसलेला ऐकून त्यांनी फोन जोडता जोडता त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं होतं. त्याने त्या केल्या आणि चार दिवसांनी, कुठेही फोन लावायचा नसताना, घसा सुधारला एवढं सांगायला फोन केला.

डब्याच्या सुट्टीत तिथल्या बायका पुढे काय होईल याच्या गप्पा मारत. कुणी म्हणे पगार वाढेल, कुणी म्हणे नवे पंखे येतील. एकदा वन्सं म्हणाल्या, "पुढे मधली बाई लागणारच नाही. ज्याचं तो आपलं आपण जोडून घेईल." मधली बाई म्हणजे तिथे डबा खात बसलेल्या त्या सगळ्याच. त्या दिवशी वन्संना कुणी लोणचं वाढलं नाही. पुढे व्हायचं तेच झालं. बोर्ड उचलून नेले, दोऱ्या भंगारात गेल्या, आणि वन्सं मात्र तोंड पाडून न बसता तक्रारींच्या टेबलावर जाऊन बसल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. पण त्या एका खऱ्या ठरलेल्या अंदाजाने त्यांना चटक लावली ती लावलीच. यंत्रांचं पुढे काय होणार हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

बरं, सगळेच अंदाज खरे ठरत होते असं नाही. यापुढे प्रत्येक स्वयंपाकघरात फॅक्स मशीन असेल, असं त्यांनी एकदा ठामपणे सांगितलं होतं. नुसतं सांगून थांबल्या नाहीत, वहिनींच्या मागे लागून दुकानात एक बसवून घेतलं. गिऱ्हाइकं घरबसल्या मापं पाठवतील आणि आपण कपडे बेतू, अशी योजना होती. त्या मशीनवर पहिला कागद आला तेव्हा दोघी धावत गेल्या. त्यावर लांबी होती, रुंदी होती, फक्त छाती आणि कंबर नव्हती. चुकीच्या नंबरवर आलेली ती कुठल्याशा कारखान्याच्या पाइपांची मापं होती. वहिनींनी कागद नीट वाचला आणि म्हणाल्या, "वन्सं, याला बाह्या कुठे लावायच्या?" दुसरा कागद आलाच नाही. पुढे बरीच वर्षं त्या मशीनवर इस्त्री थंड व्हायला ठेवत.

वन्संना त्याचं काही वाटलं नाही. चुकलं की त्या स्वतःच आधी हसायच्या. निवृत्तीनंतर त्या रोज दुकानातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत काजं-बटणं करत बसू लागल्या, आणि पँट आखूड करायला आलेला माणूस हातात पँट आणि डोक्यात पुढच्या पन्नास वर्षांचा विचार घेऊन परत जाऊ लागला.

आता दादांविषयी. दादा छापखान्यात मशीनवर होते. त्या धडधडीत उभं आयुष्य गेलं, आणि कान हळूहळू जड होत गेले. निवृत्तीपर्यंत असं झालं की समोरचा बोलायला लागला की दादा त्याच्याकडे बघून शांत हसत आणि मान डोलावत. त्यामुळे दादा कुणाचंच बोलणं तोडत नाहीत, असा त्यांचा लौकिक झाला. दोन भांडणारी माणसं त्यांच्याकडे न्याय मागायला यायची आणि दोघंही समाधानाने परत जायची.

कानाचं यंत्र घ्या म्हणून घरच्यांनी कमी प्रयत्न केले नाहीत. वन्सं माहितीपत्रकं आणून ठेवायच्या, दादा त्यावर चहाचा कप ठेवायचे. एकदा मीही मोठ्याने म्हणून पाहिलं, "दादा, चष्मा लावता ना? मग कानालाच काय झालं?"

"चष्म्याने माणूस शिकलेला दिसतो," दादा म्हणाले. "कानात यंत्र घातलं की बिघडलेला दिसतो."

माझ्या धंद्याचं कौतुकच होतं ते, म्हणून मी त्यांचा चष्मा पुसून दिला. शेवटी वन्संनीही नाद सोडला.

अशात एक इंजिनियर मुलगी दुकानात आली. तिला कोटाला आतून एक खिसा लावून हवा होता. फोनसाठी का, म्हणून वहिनींनी विचारलं. ती म्हणाली, "फोनसाठी नाही. फोननंतर जे येईल त्यासाठी." झालं. वन्संनी हातातलं काज तसंच सोडलं आणि खुर्ची पुढे ओढली.

ती मुलगी एका छोट्या नव्या कंपनीत काम करत होती. माणसं पुढे एकमेकांशी कशी जोडलेली राहतील, अंगावर कोणती यंत्रं बाळगतील, हे शोधायचं आणि तसं काही बनवायचं, हा त्यांचा उद्योग. खिसा अर्ध्या तासात झाला. मुलगी दुकान बंद होईपर्यंत बसली. जाताना म्हणाली, "आमच्याकडे निरनिराळ्या वयाच्या लोकांना बोलावून गप्पा मारतात. तुम्ही याल का, वन्सं?" तिलाही ते नावच वाटलं होतं.

त्या गप्पांना वन्सं इस्त्रीचे कपडे घालून गेल्या. तिथे एका मोठ्या टेबलाभोवती दहा-बारा जण होते: एक नर्स, एक बसड्रायव्हर, दोन कॉलेजची मुलं, एक शाळामास्तर. भिंतीवर लिहिलं होतं, 'पुढे काय?' आपला प्रश्न कुणीतरी भिंतीवर लिहून ठेवलाय याचंच वन्संना अप्रूप वाटलं.

त्यांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमची ही जी जाळी आहेत, ज्यांच्यावर सगळं जग सगळ्या जगाला फोटो दाखवतं, ती फार मोठी झालीत. एवढ्या मोठ्या मांडवात कुणी कुणाशी बोलत नाही, नुसते कपडे बघतात. पुढे ही जाळी लहान होतील. घराएवढी, गल्लीएवढी. आणि हे काचेकडे बघत बसणं बंद होईल. आवाज परत येईल. कानात एवढंसं काहीतरी असेल, आणि आपली चार माणसं दिवसभर आपल्याला ऐकू येत राहतील."

कॉलेजच्या मुलांपैकी एकाने हात वर केला. "पण काकू, लिहिलेलं मला पाहिजे तेव्हा वाचता येतं, कंटाळवाणं असलं तर सोडूनही देता येतं. आवाजाचं तसं नाही. माझ्या आईचा निरोप मी पूर्ण ऐकल्याशिवाय मला कळतच नाही की त्यात काही नव्हतं."

सगळे हसले. वन्संही हसल्या आणि म्हणाल्या, "हे मला सुचलं नव्हतं." पण मत काही बदललं नाही.

आणि गंमत अशी की ती कंपनी नेमकं तसंच यंत्र बनवत होती. हरभऱ्याएवढं, कानात बसणारं, म्हणून त्याला दाणाच म्हणत. एका घरातल्या तिघांना द्यायचं. ती तिघं दिवसभर एकमेकांना ऐकू येणार. नको तेव्हा बोटाने टिचकी मारून बंद करायचं. काही घरांत वापरून बघायला देणार होते. मुलीने वन्संना विचारलं. वन्संनी घरी न विचारता हो म्हटलं.

घरी पहिला प्रश्न तिसऱ्या माणसाचा. वहिनी कुरकुरत तयार झाल्या, कारण हात शिवणात असताना फोन उचलावा लागणार नाही हे त्यांना पटलं. दादांना वन्संनी कागदावर लिहून समजावलं. खरं सांगायचं तर त्या वेळी दादांच्या कानांचा विचार वन्संच्या डोक्यात नव्हताच. त्यांना तिसरा गडी हवा होता, एवढंच. दादांनी कागद वाचला आणि विचारलं, "हे म्हाताऱ्यांसाठी आहे का?"

"छे," मुलगी मोठ्याने म्हणाली. "अजून बाजारातसुद्धा आलेलं नाही. फार थोड्या लोकांकडे आहे."

दादांनी कान पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा माझ्या दुकानात आले. नेहमीसारखे हसले, पण मान डोलावली नाही. इकडे तिकडे बघत उभे राहिले. मग भिंतीकडे बोट करून म्हणाले, "तुमचं हे घड्याळ आवाज करतं?"

"पहिल्यापासून करतं," मी म्हटलं.

"मग कधी बोलला नाहीत," दादा म्हणाले आणि रागावल्यासारखे बाहेर गेले. पायरीवर थांबून त्यांनी चप्पल दोनदा आपटली. तिचाही आवाज होत होता.

झालं होतं असं: कानात काहीतरी घातलं की बोळा घातल्यासारखं वाटू नये म्हणून त्या दाण्यात बाहेरचे आवाज थोडे मोठे करून आत सोडायची सोय होती. तुमच्या-माझ्यासाठी ती बारीकशी गोष्ट. दादांसाठी मात्र बंद खोलीचं दार उघडल्यासारखं झालं. पण दादा पडले धोरणी. दाण्यातून दोघींचे आवाज त्यांना ऐकू येतात हे घरात माहीत होतं, पण बाहेरचंही ऐकू येतं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

ते पहिले दिवस आम्हा शेजाऱ्यांना फुकटची करमणूक होती. दादा वाचनालयात बुद्धिबळ खेळायला जात. इकडे वहिनी मशीन चालवता चालवता विचारणार, "अहो, गॅस बंद केला का?" आणि तिकडे पटावर डोकं धरून बसलेले दादा म्हणणार, "केला." समोरचा खेळाडू, एक निवृत्त पोस्टमन, दचकून विचारणार, "काय केलं?" एकदा दादा तिथे हळहळून म्हणाले, "वजीर गेला." इकडे वहिनींच्या हातातला टेप खाली पडला. "कोण गेलं? अहो, कोण गेलं?" वन्संना तर काय, एक्स्चेंज परत मिळाल्यासारखं झालं होतं. भाजी आणायला गेल्या तरी कानाला हात लावून विचारायच्या, "वहिनी, बोल. दादा, तुझंही ऐकतेय. एकेक बोला."

त्यांचं एक मात्र त्यांना माहीत नव्हतं. एकट्या असल्या की त्या गुणगुणत. वर्षानुवर्षं गुणगुणत असणार, पण बंद दाराआड. दाणा टिचकी मारून बंद करायचं त्यांच्या लक्षात राहत नसे, त्यामुळे त्यांच्या आंघोळीच्या वेळी वहिनींच्या दुकानात हसू दाबत काम चाले. वहिनींनी बरेच दिवस त्यांना सांगितलं नाही. मला म्हणाल्या, "आवाज चांगला आहे हो वन्संचा. सांगितलं तर बंद होईल."

मग ती संध्याकाळ आली. मी तिथेच होतो. वहिनींनी बिघडलेली चष्म्याची पेटी दिली होती ती परत करायला गेलो होतो. दादा इस्त्रीच्या टेबलाशी स्टुलावर पेपर वाचत बसले होते. वन्सं खिडकीत काजं करत होत्या. वहिनी आमच्याकडे पाठ करून मशीनवर होत्या आणि बोलत होत्या. कानातला दाणा त्यांनी टिचकी मारून बंद केलेला होता, आणि हे रोजचंच होतं. नवऱ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर गेली कित्येक वर्षं त्या त्याच्याशी असं पाठमोरं, मनात येईल ते बोलत. ओला टॉवेल पलंगावर टाकता, तो उचलायला मी काय पगारी आहे का. त्या पोस्टमनला रोज जिंकू देता, म्हणून तो इथे येऊन फुशारक्या मारतो. मशीनच्या चालीवर बोलणं चाललं होतं. मग शिवण संपलं, त्यांनी दात लावून दोरा तोडला आणि त्याच सुरात म्हणाल्या, "पण त्या निळ्या शर्टात आज बरे दिसताय हो."

दादांनी पेपर खाली केला. "तूच शिवलेला आहे," ते म्हणाले.

मशीनवरचा हात तसाच राहिला. वहिनी वळल्या, नवऱ्याकडे पाहिलं, मग वन्संकडे. "वन्सं, हे काय?"

वन्संना एक क्षण काही कळलं नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. "दाणा," त्या म्हणाल्या. "अगं, दाण्यातून बाहेरचंही ऐकू येतंय त्याला."

"कधीपासून?"

"टॉवेलच्या आधीपासून," दादा म्हणाले.

मी चष्म्याची पेटी टेबलावर ठेवली आणि काढता पाय घेतला.

वहिनी भयंकर रागावल्या. त्यांनी आपला दाणा कानातून काढून बटणांच्या डब्यात टाकला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. पुढचं मला वन्संनी सांगितलं. जेवताना वहिनी म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंत तर मी जपून बोलले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," दादा म्हणाले.

यावर वहिनींना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं, आणि टॉवेलचा विषय पुन्हा मुळापासून काढला. या वेळी दादांनी उत्तर दिलं. वहिनींनी प्रत्युत्तर दिलं. पोस्टमनचा विषय निघाला, मग दादांच्या मावसभावाच्या लग्नातला कुठला तरी जुना विषय निघाला. त्या घरात बऱ्याच वर्षांनी दोन्ही बाजूंनी भांडण झालं. वन्सं सांगत होत्या, "मी मध्ये बसून जेवत होते हो. एवढं बरं वाटलं मला, दोनदा भात घेतला."

यानंतर दादा बदलले. म्हणजे लौकिक गेला त्यांचा. कुणी भांडण घेऊन आलं की आता ते ऐकून घेत आणि तुझंच चुकलं म्हणून सांगत. पोस्टमनला त्यांनी सलग हरवलं. माझ्याशी आधी फक्त हसायचे, आता वाद घालायला लागले, आणि मला समजलं की माझी बरीचशी मतं त्यांना कधीच पटत नव्हती.

आणि एक दिवस इंजिनियर मुलगी दाणे परत न्यायला आली.

वापरून बघायची मुदत संपली होती. मुलीचा चेहरा उतरलेला होता. वन्संनी विचारल्यावर तिने खरं ते सांगितलं. बाकीच्या बहुतेक घरांनी आठवडाभरात दाणे काढून ठेवले होते. आपली माणसं हवीत, पण दिवसभर कानात नकोत, असं लोकांचं म्हणणं. एका घरात तर तिघांनीही वेगवेगळं येऊन एकच तक्रार केली होती: बाकीची दोघं फार बोलतात. कंपनी हे यंत्र पुढे नेणार नव्हती.

"म्हणजे माझं फॅक्सच झालं पुन्हा," वन्सं म्हणाल्या. मुलीला फॅक्सची गोष्ट माहीत नव्हती, ती वहिनींनी तिला सांगितली, आणि मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

दादांनी दाणा रुमालाने पुसला, डबीत ठेवला आणि डबी मुलीच्या हातात दिली. दोन-तीन दिवस सगळं पहिल्यासारखं चाललं. दादा स्टुलावर बसून हसत, मान डोलावत. वहिनी मात्र पाठमोऱ्या बोलायला सुरुवात करत आणि मध्येच थांबत. वन्संनी गिऱ्हाइकांना भविष्य सांगणं बंद केलं होतं. काजं तेवढी भराभर होत होती. दुकान एवढं शांत पाहून मीच दोनदा उगाच डोकावून आलो.

मग एका दुपारी जेवताना दादांनी ताट बाजूला सारलं. "मला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून घरच्यांनी पहिल्यांदा ऐकलं. आजवर लोक हळू बोलतात, पंखा आवाज करतो, हीच कारणं होती.

वहिनींनी त्या दिवशी दुपारीच दुकानाला कुलूप लावलं. तिघंही कानाच्या दवाखान्यात गेली. तिथे एका काचेच्या खोलीत बसवून तपासणी करतात. आवाज आला की बटण दाबायचं. दादांना वाटलं ही परीक्षा आहे. ते आवाज नसतानाही बटण दाबायला लागले. तपासणाऱ्या बाईंनी दार उघडून मोठ्याने सांगितलं, "काका, इथे पास-नापास काही नसतं. ऐकू आलं तरच दाबा."

"मग नापास आहे मी," दादा म्हणाले.

बाईंनी त्यांना दाण्याविषयी विचारलं, वन्संनी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, त्याने आवाज नुसता मोठा होत होता. यांना काही आवाज जास्त मोठे करून हवेत, काही तसेच. ते काम साधं कानामागचं यंत्रच चांगलं करेल. आणि तसंच झालं. दादांना दाण्यातून मशीन, घड्याळ, चप्पल ऐकू येत होतीच, आता कुजबूजही ऐकू यायला लागली. ते यंत्र लपत नाही. कानामागे चांगलं दिसतं. दादा ते घालून वाचनालयात गेले, तेव्हा पोस्टमनने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुठे मिळतं?"

माझ्या वाट्यालाही थोडं काम आलं. दादांच्या चष्म्याची काडी आणि ते यंत्र कानामागे एकाच जागेसाठी भांडत होती. मी काड्या गरम करून पुन्हा वाकवल्या, जाड होत्या त्या बदलून बारीक घातल्या. दादा आरशात बघून म्हणाले, "आता कसा दिसतो?"

"शिकलेला," मी म्हटलं.

"आणि?"

"दुरुस्त केलेला."

हे त्यांना आवडलं. त्यांनी ते घरी जाऊन सांगितलं असावं, कारण वहिनींनी मला संध्याकाळी चहाला बोलावलं. चहा झाल्यावर वहिनी दादांना म्हणाल्या, "ते जरा काढून ठेवा. मला मोकळेपणी बोलायचंय." दादांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि पेपर उघडला. वहिनी मशीनकडे वळल्या. ही त्यांच्यात ठरलेली रोजची अर्ध्या तासाची सोय आहे, असं वन्संनी मला दाराशी हळूच सांगितलं. दादा त्या वेळात खरंच ऐकत नाहीत का, हे मात्र वन्संनाही माहीत नाही. ओठांवरून त्यांना बरंच कळतं, असा माझा संशय आहे. पण वहिनींची पाठ असते, म्हणून चालतं.

इंजिनियर मुलगी पुढे पुन्हा आली, कोट घेऊनच. आता ती दुसऱ्याच कामाला लागली होती. समोरचा बोलतो ते फोनच्या काचेवर लिहून दाखवणारं काहीतरी होतं. चार माणसं बोलत असली तर कोण काय बोललं तेही वेगवेगळं दाखवायचं. तिला वापरून बघायला माणसं हवी होती, आणि विचारायचा तिला थोडा संकोच वाटत होता.

"आवाज परत येईल असं तुम्ही म्हणाला होतात," ती वन्संना म्हणाली. "हे तर उलटंच आहे."

"उलटं तर उलटं," वन्सं म्हणाल्या. "मी तेव्हा माझ्या कानांवरून बोलत होते. माझे कान चांगले आहेत." आणि त्यांनी काज खाली ठेवून विचारलं, "किती जण हवेत?"

त्यांनी वाचनालयातल्या बुद्धिबळवाल्यांना गोळा केलं. पोस्टमन होता, त्याचं यंत्र अजून यायचं होतं. एक शाळेतल्या निवृत्त बाई होत्या, त्यांना एकाच कानाने ऐकू यायचं आणि लोक नेमके दुसऱ्या बाजूला बसायचे. आठवड्यातून एकदा ही मंडळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसू लागली. मध्ये टेबलावर फोन, त्यावर अक्षरं सरकताहेत, आणि सगळे एकाच वेळी बोलताहेत. पहिल्या दिवशी त्या फोनने पोस्टमनच्या 'घोडा मारतो' याचं 'थोडा नाचतो' केलं. त्यावर एवढा गोंधळ झाला की ग्रंथपालांना आत यावं लागलं. कंपनीने ते यंत्र सुधारून आणखी सुधारून बाजारात आणलं की नाही, मला ठाऊक नाही. मंडळी मात्र बसायची थांबली नाहीत. यंत्र असो नसो, तिथे पुढे काय होणार यावर वाद चालतो. वन्सं त्याचं अध्यक्षपद सांभाळतात, म्हणजे एकेक बोला, एकेक बोला, असं म्हणत राहतात. कुणाचा फोन लागत नसला, कुणाला नातवाचा निरोप उघडता येत नसला, तर त्याच टेबलावर त्याचा निकाल लागतो. एकमेकांच्या घरी कोण आजारी आहे, हेही तिथेच कळतं, आणि मग दोघं-तिघं उठून त्याच्याकडे जातात.

मागच्या बैठकीला मीही गेलो होतो, कारण वन्संनी माझ्या धंद्याविषयी नवा अंदाज काढला आहे, असं कानावर आलं होतं. त्यांचं म्हणणं, पुढे चष्म्याच्या काचेतच समोरच्या माणसाचं नाव दिसेल, मागच्या वेळी त्याच्याशी काय बोललो तेही दिसेल. कुणाची ओळख विसरायला होणार नाही.

"आणि ज्यांना मुद्दाम ओळख दाखवायची नसते, त्यांनी काय करायचं?" शाळेच्या बाईंनी विचारलं.

"त्यांनी चष्मा काढायचा," दादा म्हणाले.

"मग समोरचा म्हणेल, मला बघून चष्मा काढला," पोस्टमन म्हणाला.

वन्सं विचारात पडल्या. वहिनी दुकान लवकर बंद करून आल्या होत्या आणि कोपऱ्यात बसून कुणाच्या तरी बाहीची टीप उसवत होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, "या चष्म्याची काच फुटली तर भाऊजींना बदलता येणार आहे का, ते आधी सांगा वन्सं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, शिकून घेईन. वन्संनी टेबलावर हात आपटला, म्हणाल्या, "हे बघा, एक माणूस तयार झाला," आणि पुढचा प्रश्न घेतला.